जीपला ठेवलेली माया

टेलरमास्तरांच्या ‘परवा’वर विसंबून कुणी समारंभाला निघाला असेल, तर तो जुन्या कपड्यांतच गेला असेल. शर्ट परवा, पँट परवा, पोरांचे गणवेश परवा. गल्लीनं या शब्दाचा आपल्यापुरता अर्थ लावून घेतला होता: मास्तरांचा परवा म्हणजे परवाचा दिवस सोडून कुठलाही दिवस. लोक चिडत, दारात उभे राहून भांडत, ‘पुन्हा तुमची पायरी चढणार नाही’ असं बजावून जात, आणि कपडा हातात पडला की पुढचं कापड घेऊन परत येत. कारण हा माणूस थापा मारायचा त्या फक्त तारखेच्या. मापाच्या बाबतीत त्यानं आयुष्यात कुणाला फसवलं नव्हतं.

शिवाय तो माया ठेवायचा. माया म्हणजे शिवणकामातली. शिवणीच्या आतल्या बाजूला थोडं जास्तीचं कापड राखून ठेवतात, उद्या माणूस अंगानं भरला तर उसवून कपडा वाढवता यावा म्हणून, त्या कापडाला माया म्हणतात. हा शब्द पहिल्यांदा ज्याला सुचला त्याला नुसतं शिवणकाम येत नसणार, संसारही केलेला असणार. हल्ली तयार कपडे विकणारे दोऱ्याएवढी माया ठेवतात. माणूस पोटभर जेवला की शिवण उसवलीच. मास्तर दोन बोटं जास्तच ठेवायचे. ‘माणूस काय आज आहे तेवढाच राहणार आहे का?’ असं पुटपुटत खडूची रेघ आणखी जरा बाहेर ओढायचे.

अशा माणसाच्या मागच्या अंगणात जीप आली ती कपडे शिवून घ्यायलाच आली. रस्त्याच्या कामावरचे एक साहेब होते. त्यांच्याकडे एक जुनीपुराणी जीप होती, पुढची आणि मागची चारही चाकं ओढणारी, नेहमीच्या गिअरच्या दांडक्याशेजारी आणखी एक बुटका दांडका असलेली. तिचा कापडी टप, म्हणजे वरचं छप्पर, फाटला होता. मास्तरांनी टेप लावून तिचं माप घेतलं, जाड कापड आणलं, आणि अर्थातच ‘परवा या’ म्हणून सांगितलं. पण टप चढला तोवर साहेबांची बदली झाली. त्यांनी फोनवर हसत सांगितलं, ‘मास्तर, टप तुमचा, तर खालची गाडीही तुमचीच. मी ती भंगारात देणार होतो.’ कागदपत्रं केली आणि जीप राहिली.

‘लोकांचे कपडे पडून राहतात आपल्याकडे,’ बाई, म्हणजे त्यांची बायको, म्हणाली. ‘तुमच्याकडे गिऱ्हाईकच पडून राहिलं!’

तेव्हापासून घरात जीपचं नाव गिऱ्हाईक. बाई रोज संध्याकाळी मागच्या दारातून विचारायची, ‘काय म्हणतंय गिऱ्हाईक? आज ट्रायल, की परवा?’

मास्तरांना तोवर सायकलची साखळी बसवण्यापलीकडे यंत्रातलं काही कळत नव्हतं. त्यांनी केलं ते शिंप्यानं करावं तेच. शिवण कशी घातलीय हे कळायचं तर आधी उसवावी लागते. त्यांनी जीप उसवली. जुनी चादर अंथरून तिच्यावर एकेक भाग ओळीनं मांडला, प्रत्येकाशेजारी खडूनं खूण केली, आणि उलट्या क्रमानं पुन्हा जोडला. पहिल्यांदा जोडून झाल्यावर चादरीवर दोन नट उरले. बाई म्हणाली, ‘जास्तीचे आले असतील, तुम्हाला बघून.’ मास्तर जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा उसवलं आणि त्या दोन नटांची जागा शोधली तेव्हाच पानावर बसले.

हळूहळू जीप त्यांच्याच भाषेत बोलू लागली. बोल्टचं भोक म्हणजे काज, नट म्हणजे गुंडी, वेल्डिंगची रेघ म्हणजे शिवण. गाडीच्या पोटाखाली दगड लागू नये म्हणून बसवतात तो जाड पत्रा म्हणजे अस्तर. दोन गल्ल्या सोडून एक वेल्डर राहायचा. माणूस सोन्यासारखा, पण बोलायला गेलं की भडका. म्हणून सगळे त्याला ठिणगी म्हणत. मास्तरांनी पहिल्यांदा त्याला ‘इथे जरा दुहेरी टीप मार’ असं सांगितलं तेव्हा तो हातातली वेल्डिंगची कांडी खाली टाकून म्हणाला होता, ‘मास्तर, हे लोखंड आहे, लेंगा नाही.’ पण काही वर्षांनी तोही दुसऱ्यांच्या गाड्यांखाली झोपून ‘इथली शिवण उसवलीय’ म्हणू लागला. संगत बाधते ती अशी.

घरात फक्त एकाच गोष्टीवरून खरी भांडणं झाली. एकदा एका पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर ग्रीसचा अख्खा अंगठा उमटला. त्या दिवसापासून बाईनं कायदा केला. मागच्या दाराशी एक बादली, साबण आणि लाकडाचा भुसा. अंगणातून दुकानात शिरायचं तर हात भुशानं चोळायचे, साबणानं धुवायचे आणि मग तिच्यापुढे धरायचे. ती वास घ्यायची. ‘अजून डिझेल आहे. परत धुवा.’ साठीचा माणूस शाळकरी पोरासारखा बादलीकडे वळायचा. खरं सांगायचं तर मास्तरांना ते आवडायचं. दिवसभरात बायकोनं आपले हात हातात घ्यायची ती एकच वेळ होती, आणि कधीकधी ते मुद्दाम एक बोट नीट धूत नसत.

बाईचं माहेर म्हणजे तिची थोरली बहीण, अक्का. आई लवकर गेली, तेव्हा अक्कानं हिला वाढवलं, हिची वेणी घातली, हातात सुई दिली. अक्का डोंगरावरच्या पठारावर मुलाकडे राहायची. पूर्वी वरपर्यंत गाड्या जायच्या. मग एका वर्षी कड्याचा मोठा तुकडा सुटून रस्त्यावर आला, आणि रस्त्याचा जो भाग खाली गेला तो कुणी परत वर आणला नाही. उरली ती दगडांची, पायऱ्यापायऱ्यांची वाट. भाड्याच्या गाड्या पायथ्याशीच थांबतात आणि वरची माणसं चालत चढतात. बाईसुद्धा चालत जायची, अगदी आत्ताआत्तापर्यंत.

मग तिचा उजवा गुडघा गेला. जन्मभर पायमशीन मारलं तिनं. दुकानातली काजं, बटणं, दुमडी सगळी तिच्या पायावर झाली. मास्तर कापायचे आणि ती शिवायची; पाटीवर नाव मात्र त्यांचं. डॉक्टर म्हणाले, सपाटीवर चाला, चढ विसरा. बाईनं हसून मान डोलावली आणि घरी येऊन मशीनवर बसली तेव्हा पहिल्यांदा डाव्या पायानं सुरुवात केली. मास्तरांनी ते पाहिलं. त्यांनी मशीनला मोटर बसवली. पण मोटर मशीन चालवते, डोंगर चढवत नाही.

फोन होता, पण अक्काला ऐकू येईनासं झालं होतं. दोघी बहिणी फोनवर बोलायच्या ते ऐकून गल्लीतली कुत्री उठून बसत.

‘अक्का, जेवलीस का?’

‘नाही गं, पाऊस नाही.’

‘जे-व-लीस का?’

‘तो बरा आहे. शेजारी गेलाय.’

मग बाई फोन ठेवून सुईदोरा हातात घ्यायची. एकदा ती सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, ‘आवाज तिचाच आहे, पण बोलत दुसऱ्याच कुणाशी तरी असते. एकदा समोर बसून तिचा हात धरायला मिळाला ना, तर न बोलता सगळं कळेल दोघींना.’ मग दोरा तोंडात धरून म्हणाली, ‘तिला दिसतंय तोवर. डोळेही जायला लागलेत म्हणे.’

मास्तर त्या दिवशी अंगणात गेले आणि जीपच्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. आजवर त्यांनी ही गाडी हौस म्हणून केली होती. हौसेला मोल नसतं आणि घाई तर त्याहून नसते. पण आता गिऱ्हाईकाला काम मिळालं होतं. ते आत येऊन म्हणाले, ‘मी नेतो तुला वर. आपल्या जीपमधून.’

‘कधी?’

‘परवा.’

बाई इतकी हसली की सुई खाली पडली.

खरंच सांगायचं तर त्यांनी या वेळी जीव तोडून काम केलं. डोंगरावरून उतरणाऱ्या माणसांना थांबवून थांबवून विचारलं: दगड केवढे आहेत? हातानं दाखवा. गुडघ्याएवढे की मांडीएवढे? मग ठरलं की गाडी उंच करायची. खालून पोट लागलं तर अस्तरसुद्धा किती सोसणार? त्यांनी मोठी चाकं मिळवली. स्प्रिंगच्या पाट्यांच्या गठ्ठ्यात एकेक पाटा वाढवला. आणि स्प्रिंगचं टोक ज्या लोखंडी पट्ट्यांवर लोंबतं, ज्यांना शॅकल म्हणतात, त्या पट्ट्या लांब करून घेतल्या, कारण पट्टी जितकी लांब तितकी गाडी वर.

ठिणगीनं पट्ट्या कापून दिल्या. पण मास्तरांनी त्यांच्यावर खडूनं भोकांच्या खुणा केल्या त्या बघून त्याचा भडका उडाला. ‘एका टोकाला एक भोक, दुसऱ्या टोकाला एक. झालं! ही मधली आणखी तीन कशाला? चाळणी करायचीय?’

‘माया,’ मास्तर म्हणाले. ‘उद्या कमीजास्त करावं लागलं तर?’

‘गाडी काय अंगानं भरणार आहे?’

‘भोकं पाड रे बाबा. पट्टी हवी तर जाड घे.’

ठिणगीनं शिव्या देत पट्टी जाड घेतली आणि भोकं पाडली. मास्तरांनी जीप सगळ्यांत लांबच्या भोकावर टांगली. त्यांच्या डोळ्यांपुढे तो दगडांचा डोंगर होता, हे खरंच. पण थोडा दोष हौसेचाही होता, तो झाकण्यात अर्थ नाही. उंच झालेली गाडी फार देखणी दिसायला लागली होती. मास्तर दुकानातून निमित्त काढून मागे जायचे, चार पावलं लांब उभे राहायचे, मान कलती करून बघायचे आणि परत येताना हात धुवायला विसरायचे.

जीपची ट्रायलही झाली. एकदा स्वतः मास्तर बसले. एकदा ठिणगी बसला. एकदा मागे वाळूची पोती भरून गावाबाहेरच्या खाणीतल्या दगडांवर घातली, तर गिऱ्हाईक बकरीसारखं टणाटण चढलं. आता काही म्हणता काही राहिलं नव्हतं.

मग मास्तरांनी निघायची तारीख सांगितली आणि त्या दिवशी सकाळी अर्धी गल्ली फाटकाशी जमली. मास्तरांचा परवा खरोखर उजाडतो कसा, हे बघायची उत्सुकता सगळ्यांनाच. बाई ठेवणीतले कपडे घालून, अक्कासाठी शिवलेल्या झग्याचं गाठोडं घेऊन बाहेर आली. मास्तरांनी दार उघडून धरलं. तिनं वरच्या दांडीला हात घातला, पाय उचलला, आणि पाय मध्येच थांबला.

तिनं पुन्हा उचलला. जीपचा काठ तिच्या कमरेशी येत होता. गुडघा एका हद्दीपर्यंत वाकला आणि पुढे नाही म्हणाला.

‘थांब, थांब,’ म्हणत मास्तरांनी दुकानातून स्टूल आणलं. ती स्टुलावर चढली, दुसरा पाय घालायला वळली आणि स्टूल डगमगलं. ठिणगीनं तिला वरच्यावर धरलं नसतं तर ती पडलीच असती. कुणीतरी म्हणालं, दोघांनी दोन्हीकडून उचलून आत बसवा. कुणीतरी म्हणालं, वाटेत दोन ठिकाणी माती ठिसूळ आहे, गाडी हलकी करायला बसलेल्यांना उतरावं लागेल बरं का, चढणीवर, तिथे काय करणार? बाईचा चेहरा उतरला होता. ती स्टुलावरून सावकाश खाली आली आणि हातातलं गाठोडं सावरत म्हणाली, ‘मी काही पोतं नाही, उचलून टाकायला.’

मग ती मास्तरांकडे वळली. रागानं बोलली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. ती हळूच म्हणाली, ‘सगळीकडे माया ठेवलीत हो. फक्त माझ्या गुडघ्यापाशी विसरलात.’

आणि घरात गेली. गल्लीही पांगली. जन्मात पहिल्यांदा मास्तरांनी तारीख पाळली होती आणि माप चुकलं होतं.

ते जीपच्या पायाशी बसून राहिले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणतात ते हेच. डोंगरावरचा दगडन् दगड त्यांनी विचारून घेतला आणि घरातला गुडघा विचारला नाही. ट्रायलला स्वतः बसले, वेल्डर बसवला, वाळूची पोती बसवली. जिच्यासाठी कपडा शिवला तिला एकदाही बोलावलं नाही. माप एकाचं आणि कपडा दुसऱ्याचा, ही चूक पहिल्या महिन्यातल्या शिकाऊ माणसालासुद्धा माफ नसते. आणि तो गुडघा गेला होता तो त्यांचीच शिवण मारून गेला होता, हे आठवलं तेव्हा त्यांना तिथं बसवेना.

ते उठले. भुशानं हात चोळले, साबणानं धुतले, सगळी बोटं नीट धुतली आणि स्वयंपाकघरात गेले. बाई भिंतीला टेकून उभी होती. त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि खाली बसले.

‘पाय उचल,’ ते म्हणाले. ‘दुखेपर्यंत नको. सहज उचलतेस तेवढाच.’

‘आता कशाला?’

‘उचल गं.’

तिनं ओट्याला धरून पाय उचलला. मास्तरांनी तिच्या टाचेशी भिंतीवर खडूची रेघ ओढली आणि जमिनीपासून रेघेपर्यंत टेप धरली. मग पुन्हा एकदा उचलायला लावला आणि दुसऱ्यांदा मापलं.

‘एवढ्या वर्षांत माझं माप कधी घेतलं नव्हतंत,’ ती वरून म्हणाली. ‘माझे कपडे नुसते कापून द्यायचात.’

‘तुझं माप मला तोंडपाठ होतं.’

‘तोंडपाठ होतं ते जुनं.’

मास्तरांनी टेप गुंडाळली. मग म्हणाले, ‘हो. चुकलं माझं. बदललीस तू, आणि मी जुन्याच मापावर कापत राहिलो.’ बाईनं त्यांच्या केसांवरून हात फिरवला आणि सवयीनं आपल्याच हाताचा वास घेतला. डिझेल.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी जीप उसवायला घेतली. मोठी चाकं काढून जुनी लावली. ती त्यांनी फेकली नव्हती, कापडाच्या गठ्ठ्यांखाली होती. वाढवलेले पाटे काढले. ठिणगी आला आणि बघतच राहिला. ‘अरे, वेड लागलंय का? खाली घेतलीस की पोट घासणार. त्या वरच्या वळणावर दगड कसे आहेत, तूच मला सांगत होतास!’

‘घासेल तर घासेल. अस्तर आहे ना. तू आणखी एक जाड पत्रा लाव, दुहेरी टीप मारून.’

‘आणि तरी अडकली तर?’

‘तर मागे येऊन दुसरीकडून घालीन. गाडी घासली तर चालेल मला. बायकोच आत चढली नाही तर कुणासाठी करतोय मी हे?’

ठिणगी जाऊन पत्रा घेऊन आला. मग कांडी हातात धरून जीपखाली शिरला. मास्तरांनी जॅकवर गाडी उचलली आणि शॅकलचा बोल्ट सगळ्यांत लांबच्या भोकातून काढून पुढच्या भोकात घातला. स्वयंपाकघरातली उंची टेपवर खूण करून आणली होती, ती काठाला लावली. काठ अजून वरच. आणखी एक भोक. आता काठ बरोबर खडूच्या रेघेएवढा आला. पट्टीवर आतल्या बाजूला एक शेवटचं भोक अजून मोकळं होतं. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

ट्रायलच्या वेळी गल्ली नको, असं बाईनं बजावलं. मास्तरांनी अंगणाला दोरी बांधून तिच्यावर जुना टप टाकला, दुकानातल्या ट्रायलच्या पडद्यासारखा. ती आली. दांडी धरली, पाय उचलला, काठावर टेकला आणि आत बसली. सगळं अगदी साधं झालं.

‘काय म्हणतंय गिऱ्हाईक?’ मास्तरांनी विचारलं.

‘कमरेत जरा सैल आहे,’ ती म्हणाली आणि सीटवर हात फिरवत राहिली. ‘कधी निघायचं?’

मास्तरांनी तोंड उघडलं.

‘परवा म्हणालात तर इथून उतरणार नाही मी.’

ते तसेच निघाले, ती फक्त गाठोडं आणायला उतरली. ठिणगी मागे बसला, ‘माझ्या शिवणी मला बघायच्यात’ म्हणून. पायथ्याशी मास्तरांनी तो बुटका दांडका ओढला, चारही चाकं जागी झाली आणि गाडी मुंगीच्या चालीनं दगडांवर चढू लागली. दुरून डोंगर साजरे असतात, हे मास्तरांना पहिल्याच वळणावर कळलं. पोट घासलं. असं घासलं की ठिणगीनं डोळे मिटून घेतले. लोखंड दगडावरून किंचाळत सरकलं आणि पुढे गेलं. ‘टिकली,’ तो म्हणाला. पुढच्या दगडाला पुन्हा. एकदा गाडी खरोखर अडकली. मास्तरांनी गाडी मागे घेतली, चाक हातभर डावीकडे घेतलं आणि निघाले.

रस्ता तुटला होता तिथे दोन्ही ठिकाणी मास्तर सोडून सगळे उतरले. चढणीवर, ठिसूळ मातीवर बाई आपली आपण उतरली, पलीकडे चार पावलं सावकाश चालली आणि आपली आपण पुन्हा चढली. दुसऱ्यांदा चढताना तिनं मदतीला आलेला ठिणगीचा हात बाजूला सारला. मास्तर आरशातून बघत होते. त्यांना डोंगर चढून झाल्यासारखंच वाटलं.

पठारावरच्या घराच्या दारात अक्का बसली होती. गाडीचा आवाज तिला ऐकू आलाच नाही. अंगणात काहीतरी हललं म्हणून तिनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं, उठली आणि तशीच अनवाणी चालत आली. दोघींनी एकमेकींचे हात धरले. फोनवर जग डोक्यावर घेणाऱ्या त्या दोघी तोंडातून एक शब्द न काढता उभ्या राहिल्या. अक्कानं धाकटीच्या तोंडावरून बोटं फिरवली, खाली वाकून तिच्या गुडघ्याला हात लावला आणि ‘किती सुजलाय गं’ म्हणाली. कुणीही तिला काही सांगितलं नव्हतं.

चहा झाला. झगा अंगाला लावून झाला. अक्कानं पहिल्यांदा तो उलटा करून शिवण पाहिली. ‘माया आहे भरपूर,’ ती मोठ्यानं म्हणाली, कारण ती सगळंच मोठ्यानं म्हणायची. मग बाहेर येऊन जीपभोवती एक चक्कर मारली, पत्र्यावर थाप दिली.

‘ही खाली जाते?’ तिनं विचारलं.

‘जाते की!’ बाई तिच्या कानाशी ओरडली.

‘तुझं दुकान मी किती वर्षांत पाहिलंच नाही. रस्ता गेला तेव्हापासून मी इथेच. हा म्हणतो माणसं लावून खुर्चीतून नेतो.’ तिनं दारात उभ्या असलेल्या मुलाकडे बोट दाखवलं. ‘मी म्हटलं, माझी माणसं मला खांद्यावरून एकदाच नेतील, तेव्हा मला कळणारही नाही.’

मुलगा ओशाळून हसला. बाईनं जीपचं दार उघडलं. अक्कानं दांडी धरली, पाय उचलला. पाय काठाच्या थोडा खालीच राहिला, चार बोटं असतील नसतील. तिनं पुन्हा प्रयत्न केला. मग हसून दांडी सोडली. ‘राहू दे गं. माझं वय गेलं आता गाड्यांत बसायचं,’ ती म्हणाली आणि पाय चोळत मागे झाली. पण हात काही तिनं जीपवरून काढला नाही.

बाईनं मास्तरांकडे पाहिलं. ‘अहो,’ ती म्हणाली, ‘माया शिल्लक आहे का?’

मास्तर ठेवणीतल्या शर्टासकट धुळीत आडवे झाले आणि जीपखाली सरकले. घासून घासून चकचकीत झालेलं अस्तर त्यांच्या नाकावर आलं. त्यांनी हात लांब करून शॅकलची पट्टी चाचपली. आतल्या बाजूचं शेवटचं भोक चिखलानं बुजलं होतं. त्यांनी बोटानं तो चिखल काढला.

‘पोट अजून खाली जाईल हां, मास्तर,’ ठिणगी वरून म्हणाला. पण म्हणता म्हणताच त्यानं मागून जॅक काढला होता.

‘आहे!’ मास्तर खालून ओरडले. ‘एका भोकाची आहे. तू आधी अक्कांचं माप घे.’

त्यांनी जीपखालून हात बाहेर काढून टेप पुढे केली. बाईला वाकता येत नव्हतं, म्हणून ठिणगीनं ती तिच्या हातात दिली. तिनं उभ्या उभ्याच टेपचं एक टोक खाली सोडलं, बहिणीच्या दंडाला धरलं आणि तिच्या कानाशी ओरडली, ‘अक्का, पाय उचल! सहज उचलतेस तेवढाच!’